सव्वा मूठ

माझा भाऊ गोष्ट फार छान सांगतो. हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील की बहिणीचा जळफळाट झालाय. जळफळाट झालाच आहे. पण तो छान सांगतो म्हणून नाही. तो दर वर्षी जी गोष्ट सांगतो ती माझी आहे, आणि खोटी आहे, म्हणून.

भाऊ जळगावला पिंप्राळ्यात राहतो. लग्नं, साठीशांती, निवृत्तीचे सत्कार, सगळीकडे सूत्रसंचालनाला त्याला बोलावतात. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण खरा जीव माईकमध्ये. आता तर घरातही त्याने चाकांचा एक स्पीकर आणून ठेवलाय. चार पाहुणे जमले की तो स्पीकर कोपऱ्यातून ओढत आणतो, "हॅलो, हॅलो" करतो, आणि मग सुरू होतं, "तर मंडळी..." मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, धुळ्याला सरकारी कचेरीत टेबल सांभाळते, साहेबांना तोंडावर नाही म्हणते. आणि त्या दोन शब्दांनी माझे तळवे घामेजतात.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून, दोन्ही बाजूंना केळीचे खांब लावून रविवारी तिला बसवायचं, सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. तिच्या नैवेद्याचे रोट असतात, पुरणाचे. त्या रोटांचे गहू दोन दिवस आधी मुठीने मोजतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. मूठ टाकताना त्याचं नाव घ्यायचं. बायकांची मूठ नसते. बायका ते गहू निवडतात, दळतात, पुरण शिजवतात, रोट भाजतात. आणि लग्न झालेल्या लेकीला तर आमच्यात रोट खायलाही देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली म्हणून. मी दर वर्षी धुळ्याहून एसटीने जाते, दोन दिवस राबते, आणि माझ्यासाठी वेगळा वरणभाताचा कुकर लावतात. भावाचे ऑफिसातले दोस्त येतात, त्यांनाही रोट मिळत नाहीत म्हणा, पण त्यांनी ते भाजलेले नसतात.

सोमवारी दुपारी, कानबाई पोचवून आल्यावर, सगळे हॉलमध्ये पाय पसरून बसतात. तेव्हा माझी गोष्ट होते. ती मला पाठ आहे.

"तर मंडळी, आमची अक्का लहानपणापासूनच हक्काची पक्की. आबांनी मुठी टाकल्या, उठले, पाणी प्यायला गेले. अक्कानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हळूच आपली एक मूठ सरकवली सुपात! कानबाई म्हणाली, असं का? मला फसवतेस? आणि दिवाळीच्या आत आबांची दोन बोटं घेऊन गेली. एका मुठीला दोन बोटं! म्हणून मी अक्काशी कधी वाकडं बोलत नाही. उगाच आपला हात जायचा."

असं म्हणून तो उजव्या हाताची दोन बोटं दुमडतो आणि तो हात सगळ्यांना दाखवतो. लोक हसून लोळतात. आबांचा हात हुबेहूब तसा दिसायचा. स्वतःच्या बापाचा तुटका हात करून दाखवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

त्या वेळी तो चार वर्षांचा होता. त्याला शेंबूड पुसता येत नव्हता. त्याला आठवतंय कपाळ! मी नऊ वर्षांची होते, आणि मला सगळं आठवतंय.

आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं. आबा कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते, दोंडाईच्याकडचं गाव सोडून कामासाठी जळगावला आलेले. गावाकडचे दोघे काका आपापल्या पोरांसह कानबाईला आमच्याकडे यायचे. आबा सुपापुढे मांडी घालून बसले होते. मूठ भरायची, नाव घ्यायचं, सुपात सोडायची, वर चिमटीने पाव मूठ. अशा अकरा झाल्या. शेवटची भावाची. तो कोपऱ्यात रडत होता, पण त्याची मूठ होती. मी विचारलं, "आबा, माझी?"

आबा हसले. वाईट हसले नाहीत, सहज हसले. म्हणाले, "तुनी मूठ तुना सासरले शे."

सासरीही नव्हती. तिथेही पुरुषांच्याच मोजतात, हे लग्नानंतर कळलं. पण त्या दिवशी मला ते खरं वाटलं आणि फार वाईट वाटलं. माझं तोंड उतरलेलं आईने पाहिलं असावं. आबा उठून बाहेर गेले. आईने माझा उजवा हात धरला, गव्हाच्या डब्यात खुपसला, माझ्या मुठीवर आपली मूठ आवळली आणि दोन्ही हात एकदमच सुपावर उघडले. वर आपल्या चिमटीने पाव मूठही टाकली, सव्वा पुरी केली. तिचा हात ओला होता, माझ्या बोटांना गहू चिकटले. ती कानाशी म्हणाली, "कोनले सांगू नको."

मी इतकी खूश झाले की संध्याकाळी भावाला सांगून बसले, माझी पण मूठ आहे. आईचं नाव मात्र घेतलं नाही. चूक म्हणायची तर माझी एवढीच, की मी ते त्याला सांगितलं.

आश्विनात जिनिंग सुरू झालं आणि आबांचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन बोटं गेली. त्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी कित्येक दिवस काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती, हे आबांबरोबर काम करणाऱ्याने आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. मी स्वतः ऐकलंय. पण ती जाळी कोणी काढली, हे शोधायला कोणी गेलं नाही. मालकाला विचारण्यापेक्षा देवीला विचारणं सोपं असतं. माझी आत्या आठ दिवस घरात ठाण मांडून बसली होती. काय चुकलं, कोणाचं चुकलं, पूजेत काय राहिलं, असं तिचं चाललेलं. तेव्हा तिच्या मांडीवर बसलेला माझा भाऊ म्हणाला, "अक्कानी बी मूठ व्हती."

आत्याने मला पुढ्यात उभं केलं. "तू टाकी?"

मी आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती, भाकरी थापत होती. मी वाट पाहिली. खरोखर वाट पाहिली, ती काहीतरी बोलेल म्हणून. तिचा हात थांबला नाही. मान न वळवता ती म्हणाली, "पोर शे ती. टाकी व्हई." टाकली असेल, म्हणे.

मग मी हो म्हणाले. मला नाक घासायला लावलं. दुसऱ्या वर्षापासून मुठी मोजताना मला शेजारी पाठवू लागले. आबा डाव्या हाताने मुठी टाकू लागले, कारण उजव्या मुठीतून गहू गळायचे. आबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. याचं सगळे कौतुक करतात, किती मोठं मन. मला नाही कौतुक वाटत. एकदा नुसतं म्हणाले असते की बाई, तुझ्यामुळे नाही झालं, तर काय बिघडलं असतं? ते गेले तेव्हाही मी त्यांच्या उशाशी होते, आणि त्या हाताकडे बघत होते.

आधी ही गोष्ट आत्या सांगायची, डोळ्यांना पदर लावून. यावलहून एक स्थळ आलं होतं मला, चांगलं होतं. त्यांच्यासमोर आत्याने गमतीत म्हणून सांगितली. ते हसले, पोहे खाल्ले, गेले, आणि पुन्हा निरोपच आला नाही. आत्या गेल्यावर गोष्ट भावाकडे आली. त्याने रडण्याच्या जागी हसणं घातलं आणि तिला माईक लावला. आणि या सगळ्या वर्षांत आई दर वेळी तिथेच बसलेली असते. मूग गिळून.

मी का बोलले नाही, असं कोणी विचारेल. आईने सांगितलं होतं ना, कोणाला सांगू नको. नऊ वर्षांच्या पोरीने दिलेला शब्द मी चौतीस वर्षं पाळला. मूर्खपणाच होता तो.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट झाली. माझं लग्न उशिरा झालं, माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला तोपर्यंत ही गोष्ट नीट समजत नव्हती, सगळे हसतात म्हणून तीही हसायची. गेल्या वर्षी परतताना एसटीत तिने मला विचारलं, "आई, आजोबांची बोटं खरंच तुझ्यामुळे गेली?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग तू मामाला सांगत का नाहीस?" आणि त्यानंतर एरंडोल येईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती, गुपचूप, तिरक्या नजरेने. मी आबांच्या हाताकडे बघायचे तशी. त्या दिवशी मी ठरवलं की पुरे झालं.

यंदा आठ दिवस आधीच भावाला फोन केला. म्हटलं, "ती मुठीची गोष्ट सांगू नकोस."

"अक्का, लोक वाट बघतात गं त्या गोष्टीची."

"माझी मुलगी असते तिथे."

"मग काय झालं? तिलाही कळू दे आईचे पराक्रम. तू फार मनाला लावून घेतेस." आणि हसला. त्याच्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं. पण माझी विनंतीही त्याला विनोदच वाटते, हे नव्याने कळलं.

सोमवारी दुपारी तेच. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, दोघे काका खुर्च्यांवर, बायका भिंतीला टेकून, माझी मुलगी माझ्या मांडीला लागून. आई पलंगावर पाय वर घेऊन. वहिनी मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभी. स्पीकर ओढत आणला, हॅलो हॅलो झालं. "तर मंडळी, आमची अक्का लहानपणापासूनच..."

"थांब," मी म्हणाले.

तो थांबला नाही, हात हलवून पुढे बोलू लागला. मी उठले आणि त्याच्या हातातला माईक काढून घेतला. ओढूनच घेतला. स्पीकर किंचाळला, लहान पोरांनी कान धरले.

"ही गोष्ट माझी आहे, मी सांगते," मी म्हणाले. माझा आवाज त्या डब्यातून इतका मोठा आला की मीच दचकले. पण सांगितली. आबांनी अकरा मुठी टाकल्या तिथपासून. मी काय विचारलं, आबा काय म्हणाले. आईने माझा हात कसा धरला, तिचा हात कसा ओला होता, ती कानात काय म्हणाली. जिनिंगमधली जाळी भिंतीला टेकवलेली होती, तेही सांगितलं. चुलीपाशी मी किती वेळ वाट पाहिली, तेही. भावासारखं रंगवून मला सांगता येत नाही. सांगून झाल्यावर मी पलंगाकडे वळले आणि म्हटलं, "आई, खरं का खोटं?"

सगळे आईकडे बघू लागले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मोठे काका खाकरले.

भावाने हळूच माझ्या हातातून माईक घेतला. "वा! आता अक्कापण गोष्टी सांगायला लागली. माझं दुकान बंद!" एकच हशा पिकला. सुटल्यासारखे हसले सगळे. मी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती तिच्या आजीकडे बघत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन पिशवी भरू लागले. आई मागून आली, दाराला धरून उभी राहिली. मी तिच्याकडे पाठ करूनच होते. म्हटलं, जरा तिलाही कळू दे कोणाच्या पाठीकडे बघून बोलताना कसं वाटतं.

"तुले त्यास्नी हाशीसन सोडी दिनं," ती हळू आवाजात म्हणाली. "माले घरमा ऱ्हाऊ देतात का?"

मी वळले. "हसून सोडलं? यावलचं स्थळ हसूनच गेलं ना? मी नऊ वर्षांची होते. तू मोठी होतीस."

"व्हतू." होते, एवढंच.

"मग आता सांग. बाहेर सगळे बसलेत."

"आते काय उपयोग? आबा गयात."

मला तिची कीव यायला हवी होती. तिचं म्हणणं खरंही असेल. त्या आत्याने आणि त्या काकांनी तिला त्या वर्षी खरंच माहेरी पाठवली असती, आणि माहेरच्यांनी परत आणून सोडली असती. हे मला समजतं. समजलं म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही. मी म्हटलं, "उपयोग मला आहे. माझ्या पोरीला आहे." ती तशीच उभी राहिली. मी तिच्या पाया पडले नाही. पिशवी उचलली, मुलीचा हात धरला, आणि कोणाला येते न म्हणता रिक्षा करून स्टँडवर आले.

धुळ्याची गाडी भरलेली होती, कशीबशी दोघींना मिळून एक सीट मिळाली. एरंडोल मागे पडलं. मग मोबाइल वाजला. घरच्यांच्या ग्रुपवर भावाने व्हिडिओ टाकला होता. मी उघडून पाहिला. "तर मंडळी, आमची अक्का लहानपणापासूनच..." आणि पुढे थेट दोन बोटं दुमडलेला हात. गेल्या वर्षीचा तुकडा यंदाच्या सुरुवातीला जोडला होता. मधली मी गायब. माझं थांब गायब, जाळी गायब, चूल गायब. खाली पटापट हसरे चेहरे पडत होते, ज्यांनी दोन तासांपूर्वी मला ऐकलं होतं त्यांचेसुद्धा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ग्रुप सोडून द्यावा, कानबाई सोडावी, माहेर सोडावं, असं सगळं एकदम मनात आलं. मी खरंच ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण शोधत होते. तेवढ्यात त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली आईचा आवाजाचा मेसेज आला.

आईला लिहिता येत नाही. ती रोज सकाळी बटण दाबून सगळ्यांना "जय कानबाई" म्हणते, तेवढंच तिला येतं. एवढा लांबलचक मेसेज तिने कधी पाठवला नव्हता. माझा अंगठा त्याच्यावर जाईना. मुलीनेच हात पुढे करून दाबला.

"मी बोली ऱ्हायनी. बठ्ठा ऐका. ती मूठ पोरनी नही, मी टाकेल व्हती. तिना हात धरीसन टाकेल व्हती. अन् दरसाल टाकस. सूप मना हातमा ऱ्हास, कोन्ही देखत नही. औंदा दोन टाक्यात. एक तिनी, एक नातनी. आते कोनले काय बोलनं व्हई, ते माले बोला."

दर साल. म्हणजे माझं लग्न झाल्यावरही. आणि यंदा माझ्या पोरीचीही. भावाला नोकरी लागली त्या वर्षी, त्याने पिंप्राळ्यात घर घेतलं त्या वर्षी, त्याला मुलगा झाला त्या वर्षीही माझी मूठ त्या सुपात होती. ते रोट त्याने खाल्ले, मला वरणभात वाढला, आणि हात धुऊन माझी गोष्ट सांगितली.

मला रडू आलं नाही. माझ्या आईला अर्ध्या मिनिटाचं बोलायला चौतीस वर्षं लागली, आणि तेही मी समोर नसताना. याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. करेन की नाही, माहीत नाही.

ग्रुपवर हसरे चेहरे यायचे थांबले होते. भाऊ काहीतरी लिहितोय असं वर दिसायचं, मग जायचं, पुन्हा दिसायचं. माईकशिवाय त्याला शब्द सापडत नव्हते. गाडी पारोळ्याच्या स्टँडवर येऊन उभी राहिली तरी त्याचं लिहिणं संपलेलं नव्हतं.

मुलीने माझा हात घेतला, उलटा करून नीट बघितला, आणि मिटून मूठ केली. मग मोबाइलचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि आजीचा मेसेज पुन्हा लावला. अख्ख्या गाडीने ऐकला. मी तिला आवाज कमी कर म्हणाले नाही.